ऑर्ग-मोडमध्ये कोड ब्लॉकचा निकाल कधी रिकामा, कधी ‘नन’, कधी भलताच तक्ता: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

ऑर्ग-मोड म्हणजे इमॅक्स या मजकूर-संपादकातली टिपणांची सोय; तिच्यात टिपणाच्या आतच कोडचे ब्लॉक लिहून चालवता येतात आणि निकाल खाली उमटतो. एका ऑर्ग फाइलमध्ये पायथन, शेल, आर, जावास्क्रिप्ट असे वेगवेगळे ब्लॉक असले की ही तक्रार हटकून येते: त्याच हेडरवर (ब्लॉकच्या माथ्यावर लिहिलेल्या सूचनांवर) एका भाषेचा निकाल व्यवस्थित येतो आणि दुसरीचा येतच नाही. बहुतेक वेळा कोडमध्ये काहीच चूक नसते. ‘निकाल’ म्हणजे नेमके काय, याची प्रत्येक भाषेची समजूत वेगळी असते, घोटाळा तिथेच होतो.

एक सूचना आधी. हेडरमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत (रिझल्ट्स, व्हॅल्यू, आउटपुट, सेशन). फाइलमध्ये ते रोमन लिपीत टाइप करायचे आणि प्रत्येक हेडर आर्ग्युमेंटच्या आधी कोलन द्यायचा.

लक्षणे

- पायथन ब्लॉकमध्ये प्रिंट आहे, तरी निकालात फक्त ‘नन’ दिसते.
- जावास्क्रिप्टमध्ये छापलेला मजकूर येतो आणि त्याच्याखाली ‘अनडिफाइन्ड’ चिकटलेले असते.
- शेल ब्लॉकचा निकाल नुसता 0.
- शेल किंवा सीच्या साध्या ओळींचे तुकडे होऊन त्यांचा तक्ता बनतो, 12.50 चे 12.5 होते.
- तोच ब्लॉक कधी कोलनने सुरू होणाऱ्या ओळी देतो, तर कधी एक्झाम्पल ब्लॉक.
- दर वेळी चालवल्यावर जुना निकाल तसाच राहतो आणि नवा त्यावर साचत जातो.
- कोड बदलला, डेटा बदलला, निकाल मात्र कालचाच.
- इमॅक्समध्ये बरोबर दिसणारा निकाल पीडीएफमध्ये गायब किंवा वेगळा.

आपले लक्षण कोणते हे ओळखले तरी खालच्या तपासण्या वरून खाली याच क्रमाने करा. पहिल्या तीन-चार तपासण्यांना काही मिनिटेच लागतात आणि बहुतेक प्रकरणे तिथेच संपतात. सरळ इमॅक्स किंवा पायथन पुन्हा इन्स्टॉल करायला धावलात तर दिवस जाईल आणि दोष तसाच राहील.

1. ब्लॉक खरोखर चालला का?

कर्सर ब्लॉकमध्ये ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबा आणि खालच्या संदेशपट्टीकडे पाहा. त्या भाषेसाठी एक्झिक्यूट फंक्शन नाही असा संदेश आला, तर ती भाषा सुरूच केलेली नाही. ऑर्गमध्ये सुरुवातीला फक्त इमॅक्स लिस्प चालू असते. बाकीच्या भाषा ‘ऑर्ग-बेबल-डू-लोड-लँग्वेजेस’ने जोडाव्या लागतात. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. आर मोठ्या लिपीतला लिहायचा, आणि सी++ साठी वेगळी नोंद नसते, ती सीच्या नोंदीतच येते.

निकालाच्या ‘रिझल्ट्स’ ओळीत चौकटी कंसात लांबलचक हॅश (अक्षर-आकड्यांची खूण) दिसत असेल, तर ‘कॅश येस’, म्हणजे जुना निकाल जपून तोच दाखवण्याची सोय, चालू आहे. हा हॅश कोड आणि हेडरवरून काढला जातो. ब्लॉक वाचतो ती सीएसव्ही फाइल बदलली तर त्याचा पत्ता हॅशला लागत नाही आणि जुनाच निकाल तुमच्यासमोर येतो. एकदा जबरदस्तीने चालवण्यासाठी आधी कंट्रोल-यू दाबा, मग कंट्रोल-सी दोनदा. बाहेरची फाइल, डेटाबेस किंवा घड्याळ यांवर अवलंबून असलेल्या ब्लॉकला कॅश लावूच नये.

2. प्रत्यक्षात कोणते हेडर लागू आहेत?

ब्लॉकच्या ओळीवर जे दिसते तेवढेच लागू असते असे नाही. फाइलच्या माथ्यावरची प्रॉपर्टी ओळ, मथळ्याखालचा प्रॉपर्टी ड्रॉवर (त्या मथळ्यापुरत्या नोंदींचा कप्पा) आणि तुमची इमॅक्सची मांडणी, या सगळ्यांचे मिळून अंतिम हेडर ठरते. ते पाहायला कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि मग मोठ्या लिपीतला आय दाबा. रिझल्ट्स आणि सेशन या दोन नोंदी नीट वाचा. स्पेलिंगची शंका असेल तर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, मग सी. ही कळ चुकीच्या स्पेलिंगचे हेडर शोधून देते. ती वापरा, कारण अनोळखी हेडर आर्ग्युमेंट दिसले म्हणून ऑर्ग ब्लॉक थांबवत नाही, ते आर्ग्युमेंट नुसते निरुपयोगी पडून राहते.

इथे तीन गोष्टी माहीत असाव्यात.

फाइलच्या माथ्यावरची प्रॉपर्टी ओळ बदलल्यावर त्याच ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावेच लागते. तोवर ऑर्ग जुनीच किंमत धरून चालते.

माथ्यावर ‘हेडर-आर्ग्ज’मध्ये आउटपुट आणि सेशन दिले आहे आणि एखाद्या मथळ्याखाली फक्त डिर (ब्लॉक कोणत्या फोल्डरमध्ये चालवायचा) लिहिलेली ‘हेडर-आर्ग्ज’ नोंद केली, तर त्या मथळ्यापुरती माथ्यावरची नोंद पूर्ण झाकली जाते. दोन्ही हवे असतील तर मथळ्याखालच्या नोंदीच्या नावाला शेवटी अधिक चिन्ह जोडा.

रिझल्ट्समधल्या शब्दांचे गट असतात. व्हॅल्यू आणि आउटपुट हा एक गट. टेबल, लिस्ट, व्हर्बेटिम, फाइल हा दुसरा. रॉ, ड्रॉवर, कोड, एचटीएमएल हा तिसरा. रिप्लेस, सायलेंट, अपेंड, प्रीपेंड हा चौथा. एका गटातला नवा शब्द त्याच गटातल्या जुन्याला हटवतो, दुसऱ्या गटातल्याला हात लावत नाही. त्यामुळे माथ्यावर आउटपुट असताना ब्लॉकवर नुसते ड्रॉवर लिहिले, तर दोन्ही लागू होतात.

3. व्हॅल्यू की आउटपुट? दोष बहुधा इथेच सापडतो

ऑर्ग-मोड कार्स्टन डॉमिनिक यांनी 2003 मध्ये सुरू केले. कोड चालवणारा बेबल हा भाग एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी घडवला आणि 2010 मध्ये तो ऑर्ग 7 सोबत गाभ्यात आला. प्रत्येक भाषेला बेबलशी जोडणारी फाइल मात्र वेगळी असते, आणि या फाइली वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी लिहिल्या गेल्या. हेडर एकच असूनही वागणे निराळे, याचे मूळ त्यात आहे.

व्हॅल्यू म्हणजे ब्लॉकला फंक्शन समजून त्याने परत केलेली किंमत घेणे. आउटपुट म्हणजे ब्लॉक स्क्रिप्टसारखा चालवून त्याने जे छापले ते घेणे. काही लिहिले नाही तर साधारणपणे व्हॅल्यू धरले जाते.

पायथनमध्ये सेशन (एकाच चालू प्रोग्राममध्ये सगळे ब्लॉक चालवणे) नसताना व्हॅल्यू दिले, की बेबल तुमचा सगळा कोड एका फंक्शनच्या आत टाकतो आणि त्याची परत आलेली किंमत तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो. म्हणून शेवटी रिटर्न हवा. तो नसेल तर फंक्शन ‘नन’ परत करते, तेच निकालात उतरते आणि प्रिंट केलेला मजकूर टाकून दिला जातो. उलट आउटपुट दिले असताना रिटर्न राहून गेला, तर तो फंक्शनबाहेर आहे अशी सिंटॅक्स एरर येते. सेशन चालू केले की नियम पुन्हा पालटतो: तिथे रिटर्न चालत नाही आणि ब्लॉकमधली शेवटची अभिव्यक्ती ही किंमत ठरते. शेवटची ओळ नुसती असाइनमेंट असेल तर हाती काहीच लागत नाही. त्या चलाचे नाव पुढच्या ओळीवर पुन्हा एकटे लिहा.

फंक्शनच्या आवरणाचा आणखी एक उपद्रव आहे. एखाद्या मॉड्यूलमधून तारांकन वापरून सगळे इम्पोर्ट करणारी ओळ पायथन 3 मध्ये फंक्शनच्या आत चालत नाही. टर्मिनलवर बिनतक्रार चालणारा कोड ऑर्गमध्ये अशा ओळीवर अडतो. लागणारी नावे एकेक करून इम्पोर्ट करा, किंवा ती ओळ प्रीअँबल हेडरमध्ये (त्यातला कोड फंक्शनच्या बाहेर, आधी चालतो) हलवा.

जावास्क्रिप्टलाही व्हॅल्यूमध्ये असेच आवरण असते आणि रिटर्न लागतो. फरक असा की इथे परत आलेली किंमत छापूनच कळवली जाते. त्यामुळे कन्सोल-लॉगचा मजकूर आणि किंमत एकाच प्रवाहातून येतात, आणि रिटर्न नसला तर खाली ‘अनडिफाइन्ड’ उमटते. पायथनमध्ये प्रिंट हरवते, जावास्क्रिप्टमध्ये ते निकालात मिसळते. कारण एकच, लक्षणे मात्र अगदी वेगळी. ल्युआलाही रिटर्न हवा. रुबी आणि पर्लमध्ये नको, कारण त्यांत फंक्शनची शेवटची अभिव्यक्ती आपोआप परत होते. रुबीचा सराव असलेले लोक पायथनच्या ब्लॉकमध्ये फसतात ते यामुळे.

शेलची गोष्ट वेगळी आहे. शेल स्क्रिप्टची ‘किंमत’ म्हणजे तिचा एक्झिट कोड (यश असेल तर 0, नाहीतर दुसरा आकडा). ऑर्ग 9.4 पासून शेलला स्पष्टपणे व्हॅल्यू दिले तर यशस्वी ब्लॉकचा निकाल 0 येतो. ही चूक नाही, तुम्ही मागितले तेच मिळाले. काहीच न लिहिता मिळते ते छापलेले आउटपुट, पण ते तक्त्यात कोंबलेले असते. त्याबद्दल पुढच्या तपासणीत.

सी आणि सी++ मध्ये परत येणारी किंमत असा प्रकारच नाही, जे छापाल तेच येते. जावाच्या जोडणीत आउटपुट हेच मूळ मूल्य आहे. आरमध्ये व्हॅल्यू दिल्यावर शेवटची वस्तू तक्ता म्हणून लिहिली जाते. डेटा फ्रेमसाठी ते उत्तम, पण स्तंभांची नावे हवी असतील तर ‘कोलनेम्स येस’ द्या. रिग्रेशनचा सारांश यासारखी वस्तू तक्त्यात बसत नाही, तिला आउटपुटच द्यायचे. आलेख हवा असेल तर रिझल्ट्समध्ये ग्राफिक्स आणि फाइल हे दोन्ही शब्द, शिवाय फाइल हेडरमध्ये नाव. इमॅक्स लिस्पमध्ये मेसेजने दाखवलेले कधीच निकालात येत नाही. आउटपुट देऊन प्रिन्सी वापरावे लागते.

कोणता नियम कुठे, हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा फाइलच्या माथ्यावर सगळ्या भाषांसाठी आउटपुट ठरवून टाकावे, आणि ज्या ब्लॉकचा निकाल पुढच्या ब्लॉकला व्हार हेडरने द्यायचा आहे, फक्त तिथे व्हॅल्यू लिहावे. आउटपुटचा अर्थ जवळपास सर्व भाषांत एकच राहतो. व्हॅल्यूचा फायदा खरा आहे, कारण पायथनची यादी किंवा आरची डेटा फ्रेम तक्ता बनून दुसऱ्या भाषेत जाऊ शकते. पण तो फायदा नको असताना व्हॅल्यू ठेवणे म्हणजे डोकेदुखी विकत घेणे आहे.

4. मजकुराचा तक्ता का झाला?

व्हर्बेटिम किंवा आउटपुट असे स्पष्ट लिहिले नाही, तर शेल, सी अशा भाषांचा मजकूर ऑर्ग तक्ता म्हणून वाचते. दुभाजक ते अंदाजाने ठरवते: प्रत्येक ओळीत टॅब असेल तर टॅब, नाहीतर प्रत्येक ओळीत स्वल्पविराम असेल तर स्वल्पविराम, तेही नसेल तर मोकळी जागा. म्हणून ‘पुणे नाशिक रस्ता’ ही एक ओळ तीन रकान्यांत फुटते. एखाद्याच ओळीत स्वल्पविराम नसला तरी सगळा अंदाज बदलतो, म्हणून तोच ब्लॉक आज एक तर उद्या दुसरी रचना देतो.

रकान्यातला आकडा संख्या म्हणून वाचला जातो, ही त्याहून गंभीर बाब. 12.50 चे 12.5 होणे दिसायला किरकोळ आहे; पण सॉफ्टवेअरची आवृत्ती 1.10 असेल तर ती 1.1 होते आणि ते साफ चूक आहे. किमती, आवृत्त्या, सांकेतिक क्रमांक असलेल्या ब्लॉकला आउटपुट आणि व्हर्बेटिम दोन्ही लिहा.

कोलनच्या ओळी की एक्झाम्पल ब्लॉक, हा प्रश्न त्या मानाने सोपा. निकाल 10 ओळींपेक्षा कमी असेल तर प्रत्येक ओळीआधी कोलन येतो, 10 किंवा जास्त असेल तर एक्झाम्पल ब्लॉक बनतो. हा आकडा ‘ऑर्ग-बेबल-मिन-लाइन्स-फॉर-ब्लॉक-आउटपुट’ या चलात असतो. तो 0 केला की निकाल नेहमी ब्लॉकमध्येच येतो.

5. निकाल साचत जातो

रिझल्ट्समध्ये रॉ आहे का पाहा. रॉमध्ये मजकूर कोणत्याही कुंपणाशिवाय फाइलमध्ये टाकला जातो. पुढच्या वेळी तो कुठे संपतो हे ऑर्गला ठरवता येत नाही, म्हणून जुने पुसले जात नाही (तक्ता किंवा यादी असली तर शेवट ओळखता येतो, तिथे अडचण येत नाही). रॉच्या जागी ड्रॉवर (निकालाभोवती सुरुवात-शेवटाच्या खुणा घालतो) लिहा आणि आधीचा साचलेला मजकूर एकदा हाताने काढा.

ब्लॉकला नेम ओळीने नाव दिले असेल आणि नंतर ते बदलले असेल, तर जुन्या नावाचा निकाल अनाथ होऊन तिथेच पडून राहतो. एकच नाव दोन ब्लॉकना दिले तर पुढचे ब्लॉक नको त्या ब्लॉकचा निकाल उचलू शकतात. कॉपी-पेस्टने वाढवलेल्या फाइलमध्ये नावे एकदा शोधून पाहाच.

6. सेशन

सेशनमध्ये आधी चालवलेली प्रत्येक गोष्ट जिवंत राहते. कोडमधून काढून टाकलेले चलही तिथे असते आणि ब्लॉक चालतो. दुसऱ्या दिवशी इमॅक्स नव्याने उघडल्यावर तोच ब्लॉक पडतो. तपासणी सोपी आहे: सेशनचा बफर बंद करा आणि सगळे ब्लॉक वरून खाली चालवा. जिथे अडेल तिथे वरच्या एखाद्या ब्लॉकवरचे लपलेले अवलंबित्व सापडेल. सेशनला भाषेगणिक आणि कामागणिक वेगळे नाव द्या, नाहीतर दोन फाइली एकाच सेशनमध्ये एकमेकींची चले पुसतील. निकालात ‘>>>’ असे प्रॉम्प्ट येत असतील तर तोच ब्लॉक सेशनशिवाय चालवून पाहा. प्रॉम्प्ट नाहीसे झाले तर कोड निर्दोष आहे.

7. एरर कुठे गेली, आणि कोणता प्रोग्राम चालतो आहे?

बेबल स्टँडर्ड एरर (प्रोग्रामचे चुकांचे संदेश) निकालात घालत नाही. ती ‘ऑर्ग-बेबल एरर आउटपुट’ नावाच्या बफरमध्ये जाते. निकाल रिकामा आला की कोडवर शंका घेण्याआधी हा बफर उघडा. शेलमध्ये एररही निकालात हवी असेल तर कमांडच्या शेवटी 2>&1 लिहा आणि ब्लॉकची शेवटची ओळ म्हणून नुसता कोलन ठेवा, म्हणजे ब्लॉक यशस्वी समजला जातो. ही युक्ती शोध घेण्यापुरती वापरा. कायम ठेवली तर खरे अपयशही यश म्हणून पुढे जाईल.

उबंटूवर 20.04 पासून नुसत्या पायथन नावाची कमांड मुळात नसते, पायथन 3 असते. ‘ऑर्ग-बेबल-पायथन-कमांड’मध्ये तसे लिहा. मॅकवर आयकॉनवरून उघडलेल्या इमॅक्सला टर्मिनलचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये असलेला प्रोग्राम ब्लॉकला सापडत नाही, किंवा जुनी आवृत्ती सापडते. ब्लॉकमधूनच आवृत्ती आणि प्रोग्रामचा पूर्ण पत्ता छापून घ्या. अंदाज बांधत बसू नका.

8. मराठी मजकूर

विंडोजवर पायथनने छापलेले देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन येत असेल किंवा एन्कोडिंगची एरर येत असेल, तर दोष निकालाच्या हाताळणीत नाही. पायथनचे आउटपुट यूटीएफ-8 मध्ये जात नाही, एवढेच. ‘पायथनयूटीएफ8’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा (पायथन 3.7 पासून चालतो) आणि इमॅक्समध्येही यूटीएफ-8 ला प्राधान्य द्या. तक्त्यातल्या उभ्या रेघा देवनागरीमुळे वाकड्या दिसतात, ती फॉन्टच्या रुंदीची बाब आहे. डेटा शाबूत असतो, एक्स्पोर्टमध्ये काही बिघडत नाही.

9. एक्स्पोर्टमध्येच फरक

काही सांगितले नाही तर एक्स्पोर्ट होतो तो फक्त कोड. निकालही हवा असेल तर ‘एक्स्पोर्ट्स बोथ’. एक्स्पोर्ट करताना निकाल लागणारे ब्लॉक पुन्हा चालतात, म्हणून तारीख किंवा यादृच्छिक संख्या असलेला निकाल पडद्यावर एक आणि कागदावर दुसरा दिसतो. पडद्यावरचाच गोठवायचा असेल तर ‘इव्हॅल नेव्हर-एक्स्पोर्ट’.

10. स्वच्छ इमॅक्समध्ये चाचणी

इतके करूनही दोष राहिला तर इमॅक्स ‘मोठा क्यू’ पर्यायाने, म्हणजे तुमच्या मांडणीशिवाय सुरू करा, एकच भाषा लोड करा आणि दोष दाखवणारा पाच-सहा ओळींचा ब्लॉक चालवा. इथे सगळे बरोबर आले तर दोष तुमच्या मांडणीत आहे. मांडणीचा अर्धा भाग बंद करून पाहा, मग त्याचा अर्धा.

ऑल्ट-एक्स देऊन ‘ऑर्ग-व्हर्जन’ही चालवा. इमॅक्ससोबत आलेले ऑर्ग आणि नंतर पॅकेज म्हणून घेतलेले ऑर्ग एकमेकांत मिसळले असतील, तर निकालांचे वागणे कोणत्याच नियमात बसत नाही. उपाय: पॅकेज काढून टाका, इमॅक्स बंद करून उघडा, आणि एकही ऑर्ग फाइल न उघडता पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. आधी ऑर्ग फाइल उघडली तर जुना कोड स्मृतीत असतानाच नवा कंपाइल होतो आणि तीच खिचडी परत शिजते.

कधी थांबावे

ब्लॉक चालू डेटाबेसमध्ये लिहीत असेल, मेल पाठवत असेल किंवा दूरच्या सर्व्हरवर फाइली हलवत असेल, तर वरची कोणतीही तपासणी त्यावर करू नका. बहुतेक तपासण्यांत ब्लॉक पुन्हा चालतो. आधी त्याला ‘इव्हॅल नेव्हर’ लावा आणि डेटाबेस प्रशासकाला बोलवा.

कामाच्या सर्व्हरवर यंत्रणेचा स्वतःचा पायथन बदलल्याशिवाय मार्ग नाही असे वाटू लागले तरीही थांबा. तो बदल सर्व्हर सांभाळणाऱ्यानेच करायचा. चुकीचा आकडा आधीच अहवालात किंवा प्रबंधात गेला असेल तर दुरुस्तीआधी मार्गदर्शकाला किंवा संख्याशास्त्रज्ञाला कळवा, आणि 1.10 चे 1.1 झालेल्या प्रकारासाठी सगळे तक्ते मूळ डेटाशी ताडून घ्या.

स्वच्छ इमॅक्समध्येही दोष दिसला तर तो तुमच्या हातातला राहिला नाही. ‘ऑर्ग-सबमिट-बग-रिपोर्ट’ ही कमांड चालवा. जोडणी ऑर्गबरोबर आलेली नसून वेगळे पॅकेज असेल तर त्या पॅकेजच्या लेखकाला लिहा. सोबत चार गोष्टी द्या: ऑर्ग आणि इमॅक्सची आवृत्ती, भाषेची आवृत्ती, तो पाच-सहा ओळींचा ब्लॉक हेडरसकट, आणि अपेक्षित निकाल व आलेला निकाल जसाच्या तसा. पडद्याचे छायाचित्र पाठवू नका, मजकूर पाठवा. कोलन आणि मोकळ्या जागा छायाचित्रातून मोजता येत नाहीत.